दुधाची गाठ : युगांडा आणि रवांडातले नऊ दिवस

दिवस पहिला : मिरज ते एंटेबे

निघाले तेव्हा कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढत होतं. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि बाळंतिणीसाठी हळिवाचे लाडू. बाळंतीण म्हणजे माझ्या भावाची मुलगी. जावयाची नोकरी कंपालात आहे, बाळ सात महिन्यांचं झालं तरी मी त्याला फक्त फोनवर पाहिलेलं. शिवाय रवांडाची एक लॅब टेक्निशियन मध्यंतरी सहा आठवडे ट्रेनिंगला आमच्याकडे होती, तिचं "या, या" चालूच होतं. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवलं आणि मुंबईला पोचले. २०२३ पासून मुंबई ते एंटेबे थेट विमान आहे. सहा-साडेसहा तास. मिरजेहून मुंबईला यायला मला त्याहून जास्त वेळ लागला होता.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. एकतीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. थिएटरमधून बरणीत आलेला तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, गुलाबी-जांभळे रंगवायचे आणि ती काच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. निदान त्यांचं. पण बरणीबरोबरच्या फॉर्मवरचं वय रोज मीच वाचायची. स्तनाची गाठ, वय ३४. स्तनाची गाठ, वय २९. आणि एक खोका होता काउंटरमागे, कुणी न नेलेल्या रिपोर्टांचा. दर दिवाळीला साफसफाईत तो माझ्याच वाट्याला यायचा. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी तो खोका काही डोक्यातून गेलेला नाही.

एंटेबेला उतरताना खाली व्हिक्टोरिया सरोवर. दुसरा किनारा दिसतच नाही, समुद्रच म्हणायचा. घड्याळ अडीच तास मागे केलं. इमिग्रेशनवरचा पोरगा म्हणाला, "वेलकम, मामा." इकडे मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. साठीला टेकल्यावर मी मामा झाले.

दिवस दुसरा : कंपाला

भाची बुगोलोबीत राहते. समोरच्या झाडांवर करकोच्यांच्या जातीचे पक्षी बसलेले, माणसाच्या कमरेएवढे, टकले, गळ्याला पिशवी लोंबणारे. मॅराबू. कचऱ्यावर जगतात. बाळाला त्यांच्याकडे बोट दाखवून "काऊ" शिकवलंय. असो.

दुपारी बाळाला पाजताना ती म्हणाली, "आत्या, इथे एक गाठ झालीय गं. दुधाची आहे."

"कोण म्हणालं दुधाची?"

"कोण कशाला म्हणायला हवं? दूध आहे, गाठ आहे."

हात लावून पाहिला. द्राक्षाएवढी, गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी. मलाही दुधाचीच वाटली. फॉर्मवर डॉक्टर लिहितात ना, प्रश्नचिन्ह घालून 'दुधाची गाठ?', तशी शंभरातल्या बहुतेक वेळा ती दुधाचीच निघते. पण ते प्रश्नचिन्ह काचेखाली पाहिल्याशिवाय पुसत नाहीत. किती दिवस झाले विचारलं, तर दीड महिना.

"मग दाखवली का नाहीस?"

"तू येणारच होतीस की."

इंजिनिअर मुलगी, गाडी आहे, विमा आहे, दहा मिनिटांवर दवाखाना आहे. आणि दीड महिना थांबली ती आत्यासाठी. मी ओरडले नाही. सोनोग्राफीची वेळ घ्यायला लावली, तीन दिवसांनंतरची.

घरात मदतीला येणारी मुलगी हे ऐकत होती. भाचीने तिला इंग्रजीत सांगितलं, तशी ती हसून म्हणाली, "शी इज युअर सेंगा!" सेंगा म्हणजे बापाची बहीण. बुगांडात, म्हणजे कंपालाभोवतीच्या जुन्या राज्यात, लग्नाआधी मुलीला अंगाचं, संसाराचं सगळं शिकवायचं काम सेंगाचं. आईने बोलायचं नाही ते सेंगाने बोलायचं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे आत्याला बारशात नाव ठेवायचा मान आहे खरा, पण त्यानंतर कुणी काही विचारत नाही. मी त्या मुलीला विचारलं, सेंगा छातीतल्या गाठीबद्दल काही सांगते का? तिने जरा विचार केला. म्हणाली, नवऱ्याला कसं खूष ठेवायचं ते सांगते, पदर कसा सांभाळायचा ते सांगते. गाठीचं नाही.

दिवस तिसरा : मुलागो

सकाळी मुलागोच्या टेकडीवर गेलो. कंपाला अशा टेकड्यांवरच वसलंय, एक चढली की दुसरी समोर. जाताना वांदेगेयात 'रोलेक्स' खाल्लं. घड्याळाशी संबंध नाही. चपातीवर अंड्याचं ऑम्लेट घालून गुंडाळी करतात, 'रोल्ड एग्ज'चं रोलेक्स झालं म्हणे. चपाती आपल्याच लोकांनी इकडे आणलेली. १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढलं, चपाती मात्र राहिली.

मुलागोत युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, १९६७ सालचं. याच टेकडीवर डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जनने लहान मुलांच्या जबड्यांच्या गाठी पाहिल्या आणि १९५८ मध्ये त्यांवर लिहिलं. 'बर्किट लिम्फोमा' हे त्या कॅन्सरचं नाव मी हजारदा लेबलावर लिहिलंय. ते गाव, ती टेकडी अशी पायाखाली येईल असं कधी वाटलं नव्हतं. दर्शनाला आल्यासारखी दोन मिनिटं उभी राहिले.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची. २०१६ मध्ये देशातलं एकुलतं एक कोबाल्टचं रेडिएशन मशीन बंद पडलं. १९९५ चं होतं. नवं यायला, चालू व्हायला जवळपास दोन वर्षं गेली. काही पेशंट नैरोबीला पाठवले, बाकीच्यांचं काय झालं असेल ते समजून घ्या. नंतर २०१८ मध्ये भारताने 'भाभाट्रॉन' हे रेडिएशनचंच मशीन भेट द्यायचं जाहीर केलं. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेलं डिझाइन.

आवारात झाडाखाली चटया पसरून नातेवाईक बसलेले. सिव्हिलच्या आवारात आपल्याकडे दिसतं तेच दृश्य: स्टोव्ह, पातेली, वाळत घातलेले कपडे. एक बाई हिरव्यागार गोमेसीत बसली होती. गोमेसी म्हणजे इथल्या बायकांचा पायघोळ पोशाख, खांद्यावर टोकदार उभ्या बाह्या, कमरेला रुंद पट्टा. नाव ओळखीचं वाटलं ना? गोमिश नावाच्या गोवेकर शिंप्यावरून पडलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने तो शिवला, आणि आज लग्नाकार्यात त्याशिवाय बाईचं पान हलत नाही. मी तिच्या बाहीकडे बघत होते, तिने मला बसायला चटईचा कोपरा दिला. मदतनीस मुलगी बरोबर होती, तिने दुभाष्याचं काम केलं.

इगांगाकडची. वय चौतीस. पाच मुलं. चौथं अंगावर पीत असताना गाठ लागली, भुईमुगाच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हे वाक्य मी इस्लामपुरात ऐकलंय, जतला ऐकलंय, इथेही तेच. औषधाच्या दुकानातून गोळ्या झाल्या. पाल्याचा लेप झाला. पाचव्याच्या वेळी गाठ लिंबाएवढी. मग एका दवाखान्यात डॉक्टरांनी ती कापून काढली. घरी पाठवलं, टाके सुकले, सगळे खूष.

"तपासायला पाठवली होती का?" मी विचारलं.

दुभाषी मुलीला प्रश्नच कळेना. तिला पुन्हा समजावलं: काढलेली गाठ, बरणीत घालून, लॅबला? हिरव्या गोमेसीवालीने खांदे उडवले. तिला गाठ दाखवली होती, स्टीलच्या वाडग्यात. मग ती कुठे गेली ते ठाऊक नाही.

इथे मला खरंच बसवेना. कारण हे मला नवं नव्हतं. आमच्याकडेही आठ महिन्यांनी परत उगवलेली गाठ यायची आणि फॉर्मवर लिहिलेलं असायचं, 'पूर्वी बाहेर काढली, रिपोर्ट उपलब्ध नाही'. तपासणीचे पैसे वाचवायला कुणी नातेवाईकच म्हणतं, कधी डॉक्टरच म्हणतात, साधी आहे, कशाला. ती गाठ त्या दिवशी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणात, पडली असती तर या बाईची दीड वर्षं वाचली असती. आता तिची काख भरलीय आणि पाठ दुखतेय.

तिने मला विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? मी म्हटलं, कर्करोग. कर्क म्हणजे खेकडा. इथल्या लुगांडा भाषेत 'कोकोलो'. स्वाहिलीत 'सरतानी', आणि तोही अरबीतून आलेला खेकडाच. ती हसली. तिच्या सासूने खेकड्यासारखी बोटं करून नातवाला चिमटा काढला.

दिवस चौथा : बायकांची बैठक

जावयाच्या ऑफिसातल्या एकीची बहीण स्तनाच्या कॅन्सरातून उठलेली. तिच्यासारख्या दहा-बाराजणी महिन्यातून एकदा चर्चच्या मागच्या खोलीत जमतात. मला चहाला बोलावलं. चहात आलं होतं, आणि साखर आपल्यालाही जास्त वाटेल इतकी.

बैठक म्हणजे भिशीच. शिवणकाम चालू, गप्पा चालू. कापडी खोळीत कापूस आणि वजनाला मूठभर बाजरी भरून ब्रेसियरमध्ये घालायचे उशीसारखे गोळे शिवतात. सिलिकॉनचे परवडत नाहीत, आणि नुसता कापूस भरला तर ती बाजू वर चढते, म्हणून बाजरी. एकीने मला दाखवताना तो हवेत उडवून झेलला. मोठा हशा झाला.

त्यांतली सर्वांत लहान एकतीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने मला तारखाच वाचून दाखवल्या, वही ठेवली होती. सहा वेळा ती वेगवेगळ्या दवाखान्यांत गेली होती. पहिल्यांदा सांगितलं, तुम्ही तरुण आहात, हे म्हाताऱ्या बायकांना होतं. दुसऱ्यांदा अँटिबायोटिक. तिसऱ्यांदा पाळीच्या आधी होतं असं, पाळी झाली की या. जवळजवळ दर वेळी बोटातून रक्त काढून मलेरिया तपासला, एचआयव्ही तपासला.

"प्रत्येक वेळी बोट टोचलं," ती म्हणाली, "पण ब्लाउज काढा, असं पाचव्या भेटीपर्यंत कुणी म्हणालं नाही."

एचआयव्हीची तपासणी आता गावागावांत पोचलीय, गोळ्या फुकट मिळतात, त्यासाठी माणसं, पैसा, किट सगळं उभं राहिलं. ते कौतुकाचंच आहे. पण स्तनाच्या गाठीला तसं किट नाही. तिला बोटं लागतात, सुई लागते, बरणी लागते, माझ्यासारखी कुणीतरी लागते आणि वर काचेत डोळा घालणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. एवढ्या साखळीतली एक कडी सुटली तरी बाई पुन्हा घरी.

आकडे मला घरी येऊन जावयाने काढून दिले, ते इथेच लिहिते. सहाराच्या दक्षिणेकडच्या १७ देशांतल्या ८३ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये निघाला होता: ७७ टक्के बायकांचं निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात. आणि युगांडा, नायजेरिया, नामिबिया, झांबिया, दक्षिण आफ्रिका या पाच देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांचा माग काढणारा दुसरा अभ्यास. त्यात पन्नाशीच्या आतल्या शंभर बायका गेल्या, तर मागे आईविना २१० मुलं राहिली. शंभर वाचून मी शंभरच धरून बसले होते. भाचीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं, तिने मला तो आकडा मोठ्याने वाचू दिला नाही.

बैठकीत एक गोष्ट मात्र सगळ्यांनी एका सुरात सांगितली. सुरी लागली की पसरतो, असं गावात म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडेही म्हणतात, शब्दन् शब्द. त्यांना त्याचं नवल वाटलं. मला तर त्याचं कारणही दिसत होतं: लोक पाहतात ते खरंच आहे. उशिरा येते, ऑपरेशन होतं, चार महिन्यांत जाते. त्यांनी जोडलेला संबंध चुकीचा, पण पाहिलेलं खोटं नाही.

निघताना शिक्षिकेला विचारलं, नवरा काय म्हणाला? बाकीच्या गप्प झाल्या. ती म्हणाली, "कोणता?" आणि शिवायला लागली.

दिवस पाचवा : बसने किगाली

पहाटेची बस. पाचशे किलोमीटर. भाचीची सोनोग्राफी आजच होती, पण तिनेच मला पिटाळलं, "मी जाईन गं, लहान आहे का?"

कायाब्वेला विषुववृत्त ओलांडलं. रस्त्याकडेला पांढरं कडं उभारलंय, बस थांबली नाही, मी खिडकीतूनच नमस्कार केला. एम्बरारापासून अंकोले गाई: शिंगं हातभर नव्हे, दोन-दोन हात. आपला खिलार बैलही त्यांच्यापुढे बोडका वाटेल.

आणि रस्ताभर शाळेची मुलं. गुलाबी युनिफॉर्म, निळा युनिफॉर्म, जांभळा, पुन्हा गुलाबी. युगांडाची निम्मी माणसं अठराच्या आतली आहेत. ती मुलं बघता बघता मला बरेच दिवस सतावणारी एक गोष्ट उलगडली. लोक म्हणतात, आफ्रिकेत हा रोग तरुण बायकांनाच होतो. पेशंट तरुण असतात हे खरंच. अमेरिकेत निदानाचं मधलं वय बासष्टच्या आसपास, इथे पन्नाशीच्या आगेमागे, आणि तिशीतल्या पुष्कळ. पण देशच तरुण असेल तर पेशंटही तरुणच दिसणार. सत्तर वर्षांच्या बायका आहेतच किती? चाळिशीच्या हजार बायका इथल्या आणि हजार तिकडच्या घेतल्या, तर इथे जास्त जणींना होतो असं काही नाही. आपल्याकडेही हेच आहे, आणि आपणही 'हल्ली तरुण मुलींना फार होतो' म्हणून मोबाइलला नाहीतर ब्राला दोष देतो.

म्हणजे रोग कमी आहे असं नव्हे हं. श्रीमंत देशांत बाराजणींत एकीला होतो आणि एकाहत्तर जणींत एक त्याने मरते. गरीब देशांत सत्तावीस जणींत एकीला होतो, पण अठ्ठेचाळीस जणींत एक मरते. होतो कमी, मारतो जास्त. हा हिशोब मी बसच्या तिकिटामागे मांडला होता, ते तिकीट अजून आहे.

काबालेच्या पुढे डोंगर उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेती. काटुनाला हद्द. इथे तीन गोष्टी एकदम बदलतात: घड्याळ एक तास मागे, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने, आणि प्लास्टिकच्या पिशव्या बंद. माझं मेतकूट प्लास्टिकच्या पिशवीत. अधिकारी बाईने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि पिशवी काढून घेऊन मेतकूट मला डब्यात ओतू दिलं. डबा लाडवांचा होता. पुढचे चार दिवस मी मेतकुटाच्या वासाचे हळिवाचे लाडू खाल्ले.

दिवस सहावा : किगाली

गिसोझीच्या वंशसंहार स्मारकात गेले. अडीच लाख माणसं तिथे पुरलेली आहेत. १९९४. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. एवढंच मनात आलं की डॉक्टर, नर्स, दवाखाने, सगळंच मोडलं होतं त्या तीन महिन्यांत. उद्या जे बघायचंय ते त्यानंतर उभं राहिलेलं आहे.

संध्याकाळी टेक्निशियन मैत्रीण भेटली. मिरजेत शिकलेलं मराठी अजून लक्षात ठेवलंय तिने: "चहा पाहिजे" आणि "घाई नको".

दिवस सातवा : बुटारो

किगालीहून मुसांझे, तिथून बुरेरा सरोवराच्या कडेने रस्ता. जुलै म्हणजे इथे कोरडा महिना, लाल धूळ दातांत करकरते. खाली सरोवर, वर ज्वालामुखीचे सुळके, मधे बटाट्याची शेतं. आणि अशा ठिकाणी, आपल्याकडे जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रालाही डॉक्टर टिकत नाही अशा ठिकाणी, कॅन्सरचं हॉस्पिटल. इमारत २०११ ची. कॅन्सर विभाग २०१२ च्या जुलैत सुरू झाला, सरकार आणि 'पार्टनर्स इन हेल्थ' ही संस्था यांनी मिळून. भिंती ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या, हाताने तासून बसवलेल्या. वॉर्डात खाटा अशा लावल्यात की पेशंटचं तोंड खिडकीकडे, डोंगराकडे. मी एका रिकाम्या खाटेवर बसून पाहिलं.

लॅबमध्ये शिरले आणि फॉर्मॅलिनचा वास आला. डोळ्यांत पाणी आलं, वासाने आलं असं मी तिला सांगितलं.

सुरुवातीला इथले तुकडे विमानाने बोस्टनला जायचे, ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलला. आता ब्लॉक, स्लाइड, रंग, सगळं इथेच. आम्ही दोघी धंद्याचं बोलत बसलो. तिने एक बरणी दाखवली, अरुंद तोंडाची, कुठल्याशा दवाखान्यातून आलेली. ताजा तुकडा मऊ असतो, दाबून आत जातो. फॉर्मॅलिनमध्ये कडक झाला की बाहेर येत नाही. बरणी फोडावी लागते. मी म्हटलं, मी गुलाबजाम आणि लोणच्याच्या बरण्या फोडल्यात. ती म्हणाली, आम्ही पीनट बटरच्या.

हसण्यावारी नेलं तरी गोष्ट मोठी आहे. तुकडा काढल्यावर तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे, दहापट फॉर्मॅलिन पाहिजे, आणि किमान सहा तास, जास्तीत जास्त तीन दिवस. नाहीतर ईआरची, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकाला दाद देते का ते पाहायची, चाचणी फसते. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनची गोळी लागू पडते, स्वस्त, रोज एक, वर्षानुवर्षं घ्यायची. उन्हात टेबलावर पडून राहिलेला तुकडा खोटंच 'निगेटिव्ह' दाखवू शकतो, आणि बाईची ती स्वस्त गोळी हुकते. आफ्रिकी बायकांचा कॅन्सर वेगळाच, जहाल, 'ट्रिपल निगेटिव्ह' (ईआरसकट तिन्ही नेहमीच्या चाचण्या निगेटिव्ह) असतो असं सरसकट बोलतात. मैत्रीण त्यावर चिडते. एका अभ्यासात घानातल्या निम्म्याहून जास्त गाठी तशा निघाल्या, इथिओपियातल्या सुमारे पंधरा टक्केच. "आफ्रिका इज नॉट वन व्हिलेज, मामा," ती म्हणाली. आणि काही निगेटिव्ह तर आपल्या बरण्यांनी केलेले असतात, हे मी पुढे जोडलं. ते डॉक्टरांच्या भाषणात येत नाही.

दुपारी तिने मला खालच्या आरोग्य केंद्रावर नेलं. एक नर्स, चाळिशीची, करड्या आवाजाची. २०१५ पासून या जिल्ह्यातल्या काही केंद्रांच्या नर्सना स्तन तपासायचं शिक्षण दिलं. तिने रबरी मॉडेलवर दाखवलं: मधल्या तीन बोटांची पेरं, आधी हलकं, मग मध्यम, मग खोल, काखेपर्यंत. आधी काय करायचात विचारलं, तर म्हणाली, "पॅरासिटामॉल."

तिने सांगितलेलं मला फार महत्त्वाचं वाटलं. शिक्षण झाल्यावर गाठ दाखवायला बायकांची रीघ लागली, आणि बहुतेक गाठी साध्याच निघाल्या. तिशीच्या आत तर जवळजवळ सगळ्याच. "मग मलाही वाटतं, ही पण साधीच असेल. तिथेच फसतं. म्हणून मी स्वतःला विचारायचं सोडलं. नियम लावते. गाठ आहे, पुढे पाठवा."

बुटारो आणि आणखी एका रवांडन हॉस्पिटलात आलेल्या १४४ बायकांचा अभ्यास आहे. गाठ लागल्यापासून निदानापर्यंत मधल्या बाईला पंधरा महिने लागले. त्यात बायकांच्या बाजूचा उशीर, तोही मधल्या बाईचा धरला तर पाच महिने. दवाखान्यांच्या बाजूचा उशीर, तोही तसाच पाच महिने; असे मधले आकडे बेरजेला जुळत नसतात. निदानाआधी पाच किंवा जास्त वेळा दवाखाना गाठलेल्या बायकांना उशीर जास्त झाला. हा आकडा मी तिला दोनदा विचारून घेतला. आम्ही जनजागृतीची पोस्टरं लावतो, गुलाबी फिती वाटतो, 'भगिनींनो, लाज सोडा' म्हणतो. भगिनी तर लाज सोडून पाचदा आली होती.

मी तिला मुंबईचं सांगितलं. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायका घेतल्या. निम्म्या जणींची छाती शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने हाताने तपासली. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये आला. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. नर्सचे डोळे चमकले. मग तिने विचारलंच, "आणि पन्नाशीच्या आत?"

पन्नाशीच्या आत तो फायदा दिसला नाही. मी खोटं कशाला बोलू?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, म्हणजे सगळ्या तरुण पोरींना ओळीत उभं करून तपासण्यात अर्थ नाही. जी स्वतः गाठ घेऊन येते तिला परत पाठवायचं नाही, एवढंच आपल्या हातात. मी म्हटलं, जागतिक आरोग्य संघटनेचंही तसंच म्हणणं आहे, दवाखान्याची पायरी चढल्यापासून साठ दिवसांत निदान व्हावं. "साठ?" तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "रस्ता वाहून गेला नाही तर होतं."

बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती, पाठीवर बाळ बांधलेलं. वीस-बावीसची असेल. नर्सने तिला आत घेतलं आणि दार लावलं.

दिवस आठवा

परतीचा प्रवास. धूळ, मुसांझे, किगाली, रात्रीची बस. भाचीचा मेसेज: 'सोनो झाली. काही नाही म्हणाले. सुईने पण काढून घेतलं थोडं, सेफ्टी म्हणून. रिपोर्ट काल मिळणार होता.' मी लिहिलं, 'मिळाला का?' निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. हद्दीवर मेतकुटाच्या डब्याचा पुन्हा वास घेऊन झाला.

दिवस नववा : पुन्हा कंपाला, मग घर

"बाळाला सर्दी झाली गं, आत्या. सोमवारी आणते रिपोर्ट. काही नाहीच आहे."

विमानाला पाच तास होते. जावई गाडी काढत होता, मी खाली जाऊन बोडावाला थांबवला. बोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. साडी नेसून त्यावर बसायचं तर एकाच बाजूने. बोडावाला म्हणाला, "होल्ड मी, मामा." धरलं.

काउंटरवरच्या मुलीला पावती दाखवली. तिने टेबलाखालून एक खोका ओढला, बुटांचा. लिफाफे उभे लावलेले. आमचा पुढेच होता, काढून दिला. उघडून वाचला: दुधाची गाठ. प्रश्नचिन्ह नाही. भाचीला फोन केला, ती म्हणाली, "मी काय म्हटलं होतं?"

"हेच म्हटलं होतंस."

बाहेर जावयाचा हॉर्न वाजला; मागोमाग आला होता. मी मुलीला विचारलं, हे बाकीचे? ती म्हणाली, येतात लोक. नंबर बदलतात, पैसे नसतात, लांबचे असतात, येतात कधीतरी. मी बोट दाखवलं, हा मागचा, पिवळा पडलेला? तिने काढून पाहिला. एप्रिलचा. वय २९. कोपऱ्यात फोन नंबर होता.

"लाव ना," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि लावला. रिंग जात होती, मलाही ऐकू येत होती. कुणी उचलला नाही. बाहेर दुसरा हॉर्न.

"पुन्हा," मी म्हटलं.

तिने पुन्हा लावला.